हॅम रेडिओचा परवाना काढायचाय? नाशिककरांसाठी अर्जाची माहिती

सेट आधी विकत घेऊ नका. हॅम रेडिओबद्दल, म्हणजे हौसेखातर स्वतःच्या रेडिओ सेटवरून इतरांशी बोलण्याबद्दल, कुणी विचारलं की मी पहिलं हेच सांगतो. ऑनलाइन हँडसेट चटकन मिळतो, पण परवान्याशिवाय ट्रान्समीटर नुसता घरात ठेवणंही कायद्याला मान्य नाही.

हा कडकपणा जुना आहे. १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी २जेके या कॉल साइनवर, म्हणजे रेडिओवरच्या ओळखनावाने, संदेश पाठवले. ते आपल्याकडचे पहिले हौशी. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने यंत्र बाळगण्यालाच परवाना सक्तीचा केला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने हौशींचे परवाने रद्द केले. तरीही १९४२ मध्ये मुंबईतल्या गुप्त काँग्रेस रेडिओचा ट्रान्समीटर उभा राहिला तो नरिमन प्रिंटर या हौशीच्या हातून. हौशी सेवेचे स्वतंत्र नियम १९७८ चे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा कायदा यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच्या सूचना आणि शुल्क स्वतः वाचून घ्या.

पात्रतेचं फारसं अवघड नाही. वय किमान १२ वर्षं हवं. अभियंता असण्याची गरज नाही. श्रेणी दोन: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला फक्त लेखी परीक्षा, कॉल साइन व्हीयू३ ने सुरू होते. जनरलला लेखीबरोबर मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची संकेतलिपी, मिनिटाला ८ शब्द, म्हणजे साधारण ४० अक्षरं घ्यायची आणि पाठवायची. कॉल साइन व्हीयू२, आणि ४०० वॅटपर्यंतच्या ताकदीचा सेट वापरायची मुभा.

मोर्सला घाबरू नका, पण कागदावरचे ठिपके आणि रेघा पाठ करत बसू नका. ते कानाने शिकायचं असतं. आमच्या गल्लीतली आठवीतली मुलगी रोज संध्याकाळी वीस मिनिटं ऐकते. ‘क्यू’ म्हणजे डा-डा-डिट-डा. महिनाभराने ती अक्षरं मोजायची थांबली आणि ऐकता ऐकता लिहू लागली. आधी रिस्ट्रिक्टेड काढा, सेटवर बोला, मग मोर्सकडे वळा, असं माझं मत आहे.

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरायचा. कागद मोजकेच: फोटो, सही, जन्मतारखेचा पुरावा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. यात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. माझा अर्ज एवढ्याच कारणाने परत आला होता आणि तीन महिने वाया गेले. आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, मगच फॉर्म उघडा. अठराच्या आतल्या मुलांनी पालकांना शेजारी बसवून तो भरावा.

परीक्षेचं शुल्क १०० रुपये. आपल्याला जवळचं केंद्र मुंबईचं. पेपरचे दोन भाग असतात, रेडिओचं तंत्र आणि नियम, प्रत्येकी ५० गुणांचे. बहुतेक जण ओहमचा नियम, अँटेना, कपॅसिटर यांत रमतात आणि नियमांचा भाग शेवटच्या रात्रीवर ढकलतात. क्यू-कोड (क्यू ने सुरू होणारे तीन अक्षरी ठरावीक संकेत) आणि फ्रिक्वेन्सी पट्टे आधीच पक्के करा.

पास झालात की प्रमाणपत्र मिळतं. तो परवाना नव्हे! परवान्यासाठी त्याच पोर्टलवर वेगळा अर्ज करायचा: २० वर्षांसाठी १,००० रुपये, आजीवन २,०००. अर्जदाराची पडताळणी होते, त्यात वेळ जातो. कॉल साइन हातात येईपर्यंत एखाद्या परवानाधारकाच्या सेटवर ऐकत राहा, पण बोलायचं बटण दाबू नका.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरचे विचारतातच. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओसाठी पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानचे फोन बंद पडले आणि लोकांची खुशाली त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीपर्यंत पोहोचली. आपल्याकडे २०१९ च्या पुरात दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेलेला आपण पाहिलाय, आणि २०२७ ला सिंहस्थ आहे. रामकुंडावर लाखो माणसं एकाच वेळी मोबाइल काढतात तेव्हा फोन लागेनासा होतो. त्या दिवशी बॅटरीवर चालणारा सेट घेऊन उभी राहतील अशी परवानाधारक माणसं नाशिकला हवी आहेत, आणि परवान्याला लागणारा वेळ पाहता अर्ज याच आठवड्यात भरा.