दक्षिण-अभ्यास (अमेरिकेतील)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण भागाचे साहित्य, इतिहास, संगीत, लोकजीवन आणि समाजरचना यांचा एकत्र विचार करणारी विद्यापीठीय ज्ञानशाखा. ‘सदर्न स्टडीज’ या नावाने ती ओळखली जाते. अमेरिकेतील प्रादेशिक साहित्य व संस्कृती यांच्या अध्ययनशाखांपैकी ही सर्वांत विस्तारलेली शाखा होय.

या शाखेचा उगम केव्हा व कोठे झाला, याविषयी मतभेद आहेत. बहुतेक संदर्भग्रंथांत तिचा आरंभ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मानला जातो. तेथे १९२० मध्ये आलेले समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी १९२४ मध्ये चॅपल हिल येथे सामाजिक संशोधनाची संस्था स्थापन केली आणि दक्षिणेची शेती, शिक्षण, आरोग्य, उत्पन्न व लोकगीते यांविषयी पद्धतशीर सामग्री जमविण्यास प्रारंभ केला. दुसरे मत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडे बोट दाखविते. तेथील जॉन क्रो रॅन्सम, डोनाल्ड डेव्हिडसन, ॲलन टेट, रॉबर्ट पेन वॉरन आदी बारा लेखकांनी १९३० मध्ये एका निबंधसंग्रहातून औद्योगिक संस्कृतीविरुद्ध कृषिजीवनाची बाजू मांडली. साहित्याच्या अभ्यासकांचा ओढा या मताकडे असतो. तथापि ज्या जीवनाचा गौरव या निबंधांत आहे, ते कृष्णवर्णीयांच्या श्रमावर उभे होते, या गोष्टीला त्यांत न्याय मिळालेला नाही. याच वर्तुळातील रॅन्सम, टेट व वॉरन यांचा पुढे ‘नवसमीक्षे’च्या घडणीत मोठा वाटा होता. कलाकृती तिच्या काळ-स्थळापासून वेगळी करून वाचण्याचा आग्रह धरणारी ही पद्धती प्रदेशाच्या कैवाऱ्यांकडूनच आली आणि अमेरिकन विद्यापीठांतील प्रदेशनिष्ठ वाचन तिने कित्येक वर्षे मागे सारले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या दोन्ही मतांत एक जुना दुवा सुटतो. अटलांटा विद्यापीठात १८९६ पासून कृष्णवर्णीयांच्या जीवनावर वार्षिक परिषदा भरू लागल्या होत्या आणि १८९७ मध्ये कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस तेथे आल्यावर व्यवसाय, कारागिरी, शाळा, चर्च व कुटुंब यांची विषयवार पाहणी करणारे अहवाल प्रसिद्ध होत गेले. त्यांतील मोठा भाग दक्षिणेविषयीच होता. नॅशव्हिलमध्येच, व्हँडरबिल्टपासून जवळ असलेल्या फिस्क विद्यापीठात, चार्ल्स जॉन्सन यांच्या समाजशास्त्र विभागाने सु. १९२९-३० मध्ये पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या वृद्धांच्या मुलाखती टिपून घेतल्या. ही कामे दीर्घकाळ ‘कृष्णवर्णीयांचा अभ्यास’ या सदराखाली टाकली गेल्याने दक्षिण-अभ्यासाच्या इतिहासात त्यांना स्थान मिळाले नाही. अलीकडील अभ्यासक ते देऊ लागले आहेत आणि उपलब्ध पुरावा पाहता पद्धतशीर अध्ययनाचा आरंभ चॅपल हिलऐवजी अटलांटा येथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

दक्षिणेच्या सीमा ठरविणे हाही या शाखेतील जुना तांत्रिक प्रश्न आहे. यादवी युद्धात संघराज्यातून फुटून निघालेली ११ राज्ये म्हणजे दक्षिण, ही व्याख्या इतिहासकारांना सोयीची आहे. ओडम यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात सु. ७०० निर्देशांक वापरून देशाचे सहा प्रदेश पाडले. त्यांपैकी आग्नेय प्रदेशातही राज्ये ११ च भरली. मात्र टेक्सस वगळले गेले आणि युद्धात संघराज्यात राहिलेले केंटकी आत आले. टेक्ससला त्यांनी ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको व ॲरिझोना यांच्यासह नैर्ऋत्य प्रदेशात घातले. जनगणना विभागाच्या व्याख्येत १६ राज्ये व राजधानी वॉशिंग्टनचा जिल्हा येतो आणि डेलावेअरही दक्षिणेत गणले जाते. समाजशास्त्रज्ञ जॉन शेल्टन रीड यांनी १९७६ मध्ये निराळीच वाट धरली. निरनिराळ्या शहरांच्या दूरध्वनी-सूचींत ‘डिक्सी’ (दक्षिणेचे लोकप्रिय टोपणनाव) व ‘सदर्न’ हे शब्द नावात असलेले व्यवसाय मोजून, ‘अमेरिकन’ हा शब्द असलेल्या व्यवसायांशी त्यांचे प्रमाण त्यांनी ताडून पाहिले. लोक स्वतःला कोठले समजतात यावरून प्रदेश आखणारी ही रीत अतिशय फलदायी ठरली.

पदवी देणारा स्वतंत्र विषय म्हणून ही शाखा रुजविण्यात मिसिसिपी विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. ऑक्सफर्ड येथील या विद्यापीठात १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल उसळून दोन जण ठार झाले होते. तेथेच १९७७ मध्ये दक्षिणी संस्कृतीचे अध्ययनकेंद्र निघाले. लोकसाहित्याचे अभ्यासक विल्यम फेरिस हे त्याचे पहिले संचालक. विल्यम फॉकनर यांच्या गावातील या केंद्राने त्यांच्या कादंबऱ्यांबरोबरच ब्लूज संगीत, गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीते), रजया शिवण्याची कला आणि खाद्यपरंपरा हेही अध्ययनाचे विषय मानले. ब्लूज गायक बी. बी. किंग यांनी आपला ध्वनिमुद्रिकांचा संग्रह विद्यापीठाला दिला आणि त्यातून ब्लूज संगीताचे अभिलेखागार उभे राहिले. फेरिस व चार्ल्स रेगन विल्सन यांनी संपादिलेला दक्षिणी संस्कृतीचा कोश १९८९ मध्ये निघाला. त्याची नवी आवृत्ती २००६ ते २०१३ या काळात २४ खंडांत प्रसिद्ध झाली. विद्यार्थी मौखिक इतिहास, छायाचित्रण व माहितीपट यांद्वारेही संशोधन सादर करतात.

१९९० नंतर या शाखेची मूळ गृहीतेच तपासली जाऊ लागली. दक्षिणेचे ‘वेगळेपण’ नैसर्गिक नसून समीक्षक व प्राध्यापक यांनी घडविलेले आहे, असे मायकेल क्रेलिंग यांनी १९९८ मध्ये प्रतिपादिले. २००१ च्या सुमारास ‘नव-दक्षिण अभ्यास’ हे नाव रूढ होऊ लागले. मळ्यांच्या अर्थव्यवस्थेमुळे दक्षिणेचे नाते ईशान्येकडील न्यू इंग्लंडपेक्षा कॅरिबियन बेटांशी अधिक जुळते, हा त्यातील एक महत्त्वाचा विचार होय. १८३० च्या मूलनिवासी-स्थलांतर कायद्यानंतर मिसिसिपी नदीपलीकडे हाकलल्या गेलेल्या चोक्टॉ, चिकसॉ, चेरोकी आदी मूलनिवासींचा विचारही आता होऊ लागला आहे, तरी त्याविषयीचे लेखन तुलनेने थोडे आहे.

अन्य प्रदेशांच्या अध्ययनसंस्था साधारण याच काळातील आहेत. पश्चिमेच्या साहित्याची संघटना १९६५ मध्ये, मध्य-पश्चिमेची १९७१ मध्ये आणि नेब्रास्का विद्यापीठातील विशाल मैदानांचे अध्ययनकेंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. ॲपलेशियन पर्वतप्रदेशाच्या अभ्यासाला केंटकीतील बेरिया महाविद्यालयाचा आधार लाभला.

भारतात अमेरिकन साहित्याच्या अध्ययनास हैदराबाद येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संशोधनकेंद्रामुळे चालना मिळाली. येथील इंग्रजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत फॉकनर प्रामुख्याने अमेरिकन कादंबरीकार म्हणूनच वाचले जातात.