व्हर्दून आणि सोम: १९१६ च्या दोन लढायांची गल्लत

दोन्ही लढाया पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या, एकाच वर्षीच्या, महिनोन्‌महिने रेंगाळलेल्या. त्यामुळे एकीचे आकडे दुसरीच्या नावावर सर्रास खपतात. हल्ला कोणाचा, एवढं पाहिलं तरी गोंधळ फिटतो: व्हर्दूनला जर्मनांचा, सोमवर ब्रिटिश-फ्रेंचांचा.

व्हर्दूनची लढाई २१ फेब्रुवारी ते १८ डिसेंबर चालली. व्हर्दूनजवळचा डुओमाँ किल्ला पाचव्याच दिवशी पडला, कारण तिथली शिबंदी आणि बऱ्याचशा तोफा फ्रेंचांनी १९१५ मध्येच हलवल्या होत्या. पुढचा प्रश्न रसदीचा. मोठी रेल्वे निकामी झालेली. उरली ती मीटरगेज आणि बार-ल-द्यूकहून येणारा सुमारे ७२ किलोमीटरचा रस्ता. ऐन गर्दीत तिथून दर १४ सेकंदांना एक ट्रक जाई. बंद पडलेला ट्रक दुरुस्त करत बसायचं नाही, सरळ कडेला ढकलायचा; मजूर धावत्या चाकांखाली खडी टाकत राहायचे. फ्रेंच सेनापती पेताँने डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) आळीपाळीने आघाडीवर आणल्या, म्हणून बहुतेक फ्रेंच सैन्याने व्हर्दून पाहिलं.

सोम १ जुलैला सुरू झाली. आधीच्या सात दिवसांत ब्रिटिशांनी १५ लाख गोळे डागले, तरी काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी शाबूत राहिल्या. श्रॅपनेल गोळा (हवेत फुटून छर्रे उडवणारा) तारेच्या नेमक्या उंचीवर फुटला तरच ती तुटते; तो फोडणारा फ्यूज जरा चुकला की गोळा वाया. जड तोफा अपुऱ्या, बरेच गोळे न फुटणारे, आणि जर्मन खडूच्या थरात खोदलेल्या खोल तळघरांत सुरक्षित. पहिल्याच दिवशी ५७,४७० ब्रिटिश हताहत झाले; पैकी १९,२४० मृत. दक्षिणेकडे जास्त जड तोफा असलेल्या फ्रेंचांनी त्याच दिवशी चांगली मजल मारली, हे क्वचितच सांगितलं जातं. १४ जुलैला हाय वूडजवळ विसाव्या डेक्कन हॉर्स या भारतीय घोडदळाने भाले घेऊन चढाई केली, ती याच लढाईत.

व्हर्दूनचे सुमारे ७ लाख आणि सोमचे १० लाखांहून जास्त, हे दोन्ही बाजूंचे मिळून हताहत, म्हणजे जखमी आणि बेपत्ताही धरून. ते मृतांचे आकडे नव्हेत.

‘व्हर्दून वाचवायला सोम लढली’ हे अर्धंच खरं. सोमचा बेत डिसेंबर १९१५ मध्येच ठरला होता. व्हर्दूनमुळे त्यातला फ्रेंच वाटा घटला आणि मुख्य भार ब्रिटिशांवर आला. सोम पेटल्यावर मात्र जर्मनांना व्हर्दूनचा जोर आवरावा लागला. ऑगस्टअखेर जर्मन सरसेनापती फाल्केनहाइन पायउतार झाला आणि त्याच्या जागी आलेल्या हिंडेनबुर्गने व्हर्दूनचे हल्ले थांबवले.