दोन किल्ल्या, तीन कुलुपे

तुमच्या सोसायटीत जनरेटर असेल तर मीटर रूममधला चेंजओव्हर स्विच एकदा नीट बघा. हँडल एका बाजूला केले की बाहेरून येणारी वीज, दुसऱ्या बाजूला केले की जनरेटरची, मधे बंद. दोन्ही एकदम चालू करायची सोयच त्यात ठेवलेली नाही. कारण ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही. 11,000 व्होल्टचे 433 करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला मागच्या बाजूने 433 दिले, तर तो तितक्याच इमानाने त्याचे 11,000 करतो. लाइन बंद आहे म्हणून निर्धास्तपणे खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाताशी ते जाऊन पोचतात.

अशा मुद्दाम केलेल्या अडवणुकीला इंटरलॉक म्हणतात. 11 केव्हीच्या, म्हणजे 11,000 व्होल्टच्या, पॅनलमध्ये ब्रेकर (प्रवाह तोडणारा मोठा स्विच) बहुधा ट्रॉलीवर बसवलेला असतो. दुरुस्तीसाठी ट्रॉली मागे ओढली की तिचे संपर्क बसबारपासून, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्यांपासून, सुटतात. पण प्रवाह तोडणे हे त्या संपर्कांचे काम नव्हे, ते ब्रेकरचे. भर प्रवाहात ट्रॉली ओढली तर मधली हवाच वाहक बनते आणि आर्क पेटतो. त्याचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त जाऊ शकते, आणि माणूस असतो हातभर अंतरावर. म्हणून ब्रेकर बंद झाल्याशिवाय ट्रॉली हलतच नाही. ती मागे आली की जिवंत संपर्कांपुढे पत्र्याचे शटर आपोआप पडते. मगच लाइन जमिनीला जोडणारा अर्थ स्विच लावता येतो, आणि तो लावलेला असेपर्यंत ट्रॉली परत आत जात नाही. रात्रपाळीच्या शेवटी माणूस क्रम विसरतो, पॅनल विसरत नाही.

पण पॅनलला फक्त स्वतःपुरते कळते. पलीकडच्या खोलीत काय चालू आहे ते त्याला किल्ली सांगते.

दोन ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकाचा 433 व्होल्टच्या बाजूला एक इनकमर (त्याची वीज बसबारवर घेणारा) ब्रेकर, आणि दोन्ही बसबार जोडणारा एक कपलर, ही कारखान्यातली नेहमीची मांडणी. तीन ब्रेकर, तीन कुलुपे, किल्ल्या मात्र दोनच. ब्रेकर चालू असताना किल्ली कुलपात अडकून राहते. बंद करून फिरवली तरच हातात येते. पहिल्या ट्रान्सफॉर्मरचे काम काढायचे असेल तर त्याचा इनकमर बंद करा, किल्ली काढा, कपलरला लावा आणि कपलर चालू करा. कारखाना दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालू राहतो. आता पहिला इनकमर कुणी चुकून चालू करायला गेले तरी जमत नाही, किल्ली कपलरमध्ये अडकलेली आहे. मागच्या दाराने वीज शिरायची वाट बंद. दोन किल्ल्या आणि तीन कुलुपांत इतका विचार कोंबणाऱ्याला मी मनापासून मानतो.

नोकरीच्या सुरुवातीला एका कारखान्यात मी टेबलाच्या खणात तिसरी किल्ली पाहिली. ‘अडीअडचणीला असावी’ म्हणून करून घेतलेली. तिच्यावर डाग नव्हता, गंज नव्हता. म्हणजे ती वापरात होती. त्या एका किल्लीने तिन्ही कुलुपे निव्वळ शोभेची झाली होती. इतक्या वर्षांनीही तो खण आठवला की पोटात गोळा येतो.

किल्ली खरी असली तरी तिला व्होल्टेज कळत नाही, ब्रेकरचा दांडा कुठे आहे एवढेच कळते. आतला दुवा तुटला असेल तर दांडा ‘बंद’ दाखवेल आणि एखादा फेज चार्ज राहील. म्हणून टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग कामाच्या जागी तिन्ही फेज बघायचे, पुन्हा टेस्टर चालू लाइनवर, आणि त्यानंतर अर्थिंग.

काही ठिकाणी 11 केव्हीचा ब्रेकर बंद करून अर्थ स्विच लावल्यावर जी किल्ली सुटते, तिनेच ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाचे फाटक उघडते. फाटक उघडे असेपर्यंत ती तिथेच अडकून राहते. वायरमन सगळी माणसे मोजतो, फाटक लावतो, तेव्हा किल्ली सुटते. मग ती हातात घेऊन तो पॅनलकडे चालत येतो.