टुटू : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा बॅले-पोशाख

टुटू म्हणजे बॅले नर्तिकेचा अनेक थरांचा, फुललेला आखूड घागरा आणि त्याला जोडलेली घट्ट बॉडिस, म्हणजे धडावर आवळून बसणारा वरचा भाग. हा शब्द फ्रेंच असून तिथल्या लहान मुलांच्या बोलीत ढुंगणाला जे लाडके नाव होते, त्यापासून तो आला असे मानतात. 1880 च्या दशकात तो रूढ झाला. आज टुटू म्हटले की कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरलेला घागरा डोळ्यांसमोर येतो, पण तो आकार विसाव्या शतकातला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस रंगमंचावर दिसणारा टुटू गुडघ्यापर्यंत किंवा त्याच्या थोडा वर येई आणि त्याची कड खाली झुकलेली असे. त्या काळावरच्या चित्रपटांत आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आडवा घागरा दाखवण्याची चूक सर्रास आढळते.

या पोशाखाचे मूळ 12 मार्च 1832 रोजी पॅरिसच्या ऑपेरात झालेल्या ‘ला सिल्फीद’ या बॅलेत शोधतात. त्यात नर्तिका मारी ताल्योनी पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा पांढरा घागरा घालून नाचली. त्याचे श्रेय चित्रकार यूजीन लामी याला दिले जाते. त्याच्याही शंभरेक वर्षे आधी मारी कामार्गो या नर्तिकेने पायांचे काम प्रेक्षकांना दिसावे म्हणून घागऱ्याची कड घोट्याच्या वर नेली होती. कड वर नेण्याचे कारण पुढेही बहुतेक वेळा तेच राहिले: पायांनी नवे काही साधले की कापड वर सरके.

घागरा टार्लटनचा असे. टार्लटन म्हणजे विरळ विणीचे, भरपूर खळ दिलेले सुती कापड. त्याचे थर चुण्या घालून नितंबांवर घट्ट बसणाऱ्या पट्टीवर शिवत. सर्वांत खालचा थर आखूड ठेवत आणि वरचे थर क्रमाने लांब होत जात, म्हणजे खालच्यांनी वरच्यांना उचलून धरावे. बॉडिसमध्ये पट्ट्या घालून ती ताठ करत आणि पाठीवर हुकांनी आवळत. पायांत अंगाच्या रंगाचे टाइट्स असत. खळीचे कापड घामाने आणि दमट हवेने मऊ पडते. विंगेत बसताना एकदा चुरगळले तरी फुलोरा मोडतो. म्हणून नर्तिका बसण्यापूर्वी घागरा दोन्ही हातांनी उचलून मागे झटकत, ही त्यांची रोजची सवय होती.

याच सवयीतून एका नर्तिकेचा जीव गेला. त्या काळी रंगमंचावर गॅसच्या उघड्या ज्योती असत आणि टार्लटनइतके चटकन पेटणारे कापड शोधून मिळाले नसते. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात डिसेंबर 1844 मध्ये क्लारा वेब्स्टर रंगमंचावरच भाजली आणि काही दिवसांत वारली. पॅरिसमध्ये 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीच्या वेळी एमा लिव्री हिने बसण्यापूर्वी घागरा सावरला आणि त्याच्या झुळकीने ज्योत भडकून कापडाला लागली. आठ महिने यातना सोसून 26 जुलै 1863 रोजी ती गेली. तेव्हा ती जेमतेम विशीतली होती. लिव्री ताल्योनीची लाडकी शिष्या होती. 1860 साली ताल्योनीने तिच्यासाठी बसवलेल्या ‘ल पापियों’ या बॅलेत ती फुलपाखरू झाली होती आणि कथेत त्या फुलपाखराचे पंख मशालीने जळतात.

हे टाळता आले असते का? उपाय तर होता. कार्तेरों नावाच्या माणसाने शोधलेल्या पद्धतीने तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यातून काढलेले कापड सहजी पेट घेत नसे आणि 1859 पासून फ्रान्समध्ये त्याचा आग्रहही धरला गेला. पण त्या पाण्याने टार्लटन जड, कडक आणि मळकट दिसे. ‘ल पापियों’चे पहिले प्रयोग आपण नेहमीच्याच घागऱ्यात करणार, असे लिव्रीने संचालकांना लेखी कळवले होते. हा तिचा हट्ट म्हणून सांगितला जातो, पण तो दोष तिच्या एकटीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. हवेत तरंगणारी, वजन नसलेली बाई पाहायला प्रेक्षक पैसे मोजत होते आणि तो भास ज्या कापडाने होई तेच कापड तिने मागितले. तिच्या जळक्या पोशाखाचे तुकडे पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

पुढे वीज आली. लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह 1881 मध्ये संपूर्णपणे विजेवर उजळले आणि इतर नाट्यगृहेही हळूहळू त्या वाटेने गेली. त्याच वर्षी 11 जानेवारीला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात लुइजी मांझोत्तीचे ‘एक्सेलसिओर’ हे अवाढव्य बॅले सादर झाले. त्याचा विषयच वीज, तारयंत्र, सुएझ कालवा अशी विज्ञानाची घोडदौड होता. मिलानच्या नर्तिका या काळात युरोपभर मागणीत होत्या. त्यांच्या बुटांच्या टोकाला कापडाचे थर चिकटवून ते टणक केलेले असे. ताल्योनीच्या काळचा बूट म्हणजे टोकाशी रफू केलेली मऊ सॅटिनची सपाताच होती आणि तिच्यावर अंगठ्यांच्या टोकांवर क्षणभरच तोलता येई. टणक बुटाने गिरक्यांची माळ लावता येऊ लागली. पिएरिना लेन्यानी हिने 1893 मध्ये सेंट पीटर्सबर्गला एकाच पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या तेव्हा लांब घागरा पायांत आला असता. तिथल्या शाही नाट्यगृहात अधिक आखूड घागऱ्याचा आग्रह धरण्याचे श्रेय मात्र 1885 मध्ये तिथे गेलेल्या व्हिर्जिनिया झुकी या नर्तिकेला देतात.

सेंट पीटर्सबर्गला जाण्यापूर्वी लेन्यानी लंडनच्या अलहॅम्ब्रात नाचत असे. इंग्लंडमध्ये तेव्हा बॅलेला राजाश्रय किंवा स्वतःचे असे नाट्यगृह नव्हते. लेस्टर स्क्वेअरमधील अलहॅम्ब्रा आणि एम्पायर या दोन व्हॅरायटी थिएटरांत, म्हणजे म्युझिक हॉलांत, कसरती आणि विनोदी गाण्यांच्या सोबतीने, बॅले होई. एम्पायरमध्ये 1887 पासून नृत्यांची धुरा व्हिएन्नाच्या काटी लानर यांच्याकडे होती आणि पोशाख सी. विल्हेल्म काढत. हे त्यांचे टोपणनाव, खरे नाव विल्यम जॉन चार्ल्स पिचर. फुले, कीटक, परदेशी पोशाख, प्रसंगी इंग्लंडचे मैदानी खेळ असे काहीही ते नर्तिकांच्या अंगावर चढवत. रंगांच्या छटा ओळीओळीने बदलत नेऊन सगळा रंगमंच एकच चित्र वाटावा, ही त्यांची खासियत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांची रेखाटने आहेत. ती पाहिली की हा माणूस या काळातला फार मोठा कलावंत होता आणि केवळ म्युझिक हॉलसाठी राबला म्हणून मागे पडला, हे ध्यानात येते. या बॅलेंत पुरुषांच्या भूमिकाही बहुधा स्त्रियाच करत. त्यांना घागरा नसे, तर तंग विजार आणि आखूड अंगरखा असे. 1897 च्या राज्यारोहण हीरक महोत्सवासाठी अलहॅम्ब्राने ‘व्हिक्टोरिया अँड मेरी इंग्लंड’ हे बॅले केले, त्याचे संगीत सर आर्थर सलिव्हन यांचे होते.

ज्या समाजात सभ्य बाईचा घोटाही झाकलेला असे, तिथे हे पाय वादाचा विषय न होते तरच नवल. ईस्ट एंडमधल्या बेथनल ग्रीनचे धर्मोपदेशक स्ट्युअर्ट हेडलम यांनी नाट्यगृहे आणि म्युझिक हॉल यांची बाजू घेणारे व्याख्यान दिले आणि 1878 मध्ये त्यांचे पद गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी चर्च अँड स्टेज गिल्ड काढले. नर्तिकेचे काम हे कष्टाचे आणि मानाचे काम आहे, असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. दुसऱ्या बाजूला लॉरा ऑर्मिस्टन चँट यांनी 1894 मध्ये एम्पायरच्या परवान्याला हरकत घेतली. त्यांचा मुख्य रोख प्रेक्षागृहामागच्या फिरायच्या जागेत चालणाऱ्या वेश्याव्यवसायावर होता, पण नर्तिकांच्या पोशाखावरही त्यांनी बोट ठेवले. लंडन काउंटी कौन्सिलने तिथे आडभिंत घालायला लावली. ती पाडणाऱ्या तरुणांच्या जमावात विन्स्टन चर्चिलही होता.

फॅशनचे वारे बॅलेतही शिरत. कथा परीची असो वा प्राचीन इजिप्तची, नर्तिकेची कंबर त्या वर्षीच्या चालीप्रमाणे आवळलेली, कपाळावर कुरळ्या बटा, 1890 च्या दशकात खांद्यांवर फुगीर बाह्या आणि गळ्यात स्वतःचे दागिने असत. घागऱ्याची लांबी सोडली तर छायाचित्रातली परी आणि तिला पाहायला आलेली बाई यांच्यात फारसा फरक नसे. उलट लेटी लिंडसारख्या ‘स्कर्ट डान्स’ करणाऱ्यांनी बारीक चुण्यांचा पायघोळ घागरा हातांत धरून लहरवला. अमेरिकेच्या लोई फुलरने 1892 मध्ये पॅरिसच्या फोली बेर्जेरमध्ये रेशमाच्या प्रचंड घेरावर रंगीत वीज सोडली, तेव्हा पाय जवळपास दिसेनासेच झाले.

पॅरिसमध्ये चित्रकार एदगार दगा याने 1881 च्या प्रदर्शनात मांडलेल्या चौदा वर्षांच्या नर्तिकेच्या मेणाच्या पुतळ्याला खरी कापडी बॉडिस, खरा घागरा, खरे बूट आणि वेणीला रिबीन होती. जगभरच्या संग्रहालयांतल्या त्याच पुतळ्याच्या कांस्य प्रती दगाच्या मृत्यूनंतर ओतलेल्या आहेत. त्यांचे घागरे पुढे वेळोवेळी बदलले गेल्यामुळे लांबीच्या बाबतीत त्या पुरावा म्हणून धरू नयेत.

घागऱ्याची ताकद किती असू शकते याचा प्रत्यय 1901 मध्ये सेंट पीटर्सबर्गला आला. कामार्गोच्याच जीवनावरच्या बॅलेत माटिल्डा क्शेसिन्स्काया या नर्तिकेने अठराव्या शतकाच्या पद्धतीचा सांगाड्याचा घागरा घालायला नकार दिला. शाही नाट्यगृहांचे संचालक प्रिन्स सर्गेई वोल्कोन्स्की यांनी तिला दंड केला, झारने तो रद्द करायला लावला आणि वोल्कोन्स्कींनी राजीनामा दिला.