अर्धा डोळा काय कामाचा?

‘डोळा टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाही, हे खुद्द डार्विननेच कबूल केलं होतं.’ हा दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. पुरावा म्हणून त्याचं १८५९ सालचं एक वाक्य दिलं जातं: नैसर्गिक निवडीतून डोळा घडला असं मानणं अत्यंत हास्यास्पद वाटतं.

वाक्य त्याचंच आहे, पण पुढचं सोयीस्करपणे कापलेलं. साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवता आल्या आणि प्रत्येक पायरी त्या त्या प्राण्याला उपयोगी असली, तर ही अडचण खरी नाही, असं तो लगेच सांगतो.

या पायऱ्या आजही जिवंत आहेत. प्लॅनेरिया या चपट्या कृमीचा डोळा म्हणजे नुसती वाटी. प्रकाश कुठल्या बाजूने येतो एवढं त्याला कळतं आणि तेवढं पुरतं. नॉटिलस या शंखधारी सागरी प्राण्याच्या डोळ्याला भिंगच नाही. बारीक छिद्रातून अंधुक प्रतिमा पडते, तरी त्याचं चाललंय. भिंगाचा मालही बराचसा उसनवारीचा: बदकाच्या भिंगातलं एक प्रथिन हे मुळात पेशीतल्या ऊर्जेच्या कामाचं विकर (एन्झाइम) आहे.

वेळ पुरला असता का? निल्सन आणि पेल्गर या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मुद्दाम कंजूष गृहीतकं धरून गणित मांडलं. प्रकाशसंवेदी सपाट ठिपक्यापासून माशासारख्या भिंगाच्या डोळ्याच्या आकारापर्यंत ४ लाखांहून कमी पिढ्या लागतात. प्राण्यांच्या इतिहासात हा काळ किरकोळच.

आणि आपला डोळा निर्दोष आहे, हेही खरं नाही. त्याच्या पडद्यावर अंधबिंदू, म्हणजे काहीच न दिसणारी जागा, आहे. ऑक्टोपसला तो नाही.