शेवटी राहिलेलं 'इन'

'द हाउस आय लिव्ह इन' असं लिहिलं की आपल्याकडे वहीत अजूनही लाल रेघ पडते आणि वर 'इन विच' असं लिहून मिळतं, कारण 'इन'सारखं प्रिपोझिशन (नामाआधी येऊन संबंध दाखवणारा शब्द) वाक्याच्या शेवटी नको, असा नियम. ही रेघ इंग्रजीच्या स्वभावातून आलेली नाही. तिची सुरुवात सतराव्या शतकात सापडते.

त्याआधी दोन्ही रचना सुखाने नांदत होत्या. जुन्या इंग्रजीत 'थे' हा रूप न बदलणारा संबंधी शब्द (आपल्या 'जो'सारखा) आला की प्रिपोझिशन त्याच्या आधी बसत नसे, ते क्रियापदाजवळ राही. आज 'दॅट'चं तेच आहे. 'विच', 'हूम' संबंधी सर्वनामं म्हणून रुळली ती मध्य इंग्रजीत.

1672 मध्ये एका नाटककाराने आधीच्या पिढीतल्या नाटककाराची 1611 ची एक ओळ दोषाचा नमुना म्हणून दाखवली: 'द बॉडीज दॅट दोज सोल्स वेअर फ्रायटेड फ्रॉम'. दोष काय, तर वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन. हा दोष आपल्याही लेखनात अलीकडेच दिसल्याची कबुली त्याने तिथेच दिली. कारण मात्र दिलं नाही. इंग्रजी वाक्य पारखायला तो ते लॅटिनमध्ये करून पाहत असे, हे त्याने दुसरीकडे सांगितलं आहे, आणि लॅटिनमध्ये प्रिपोझिशन असं मागे सुटत नाही. अंदाज बांधायचा तो एवढ्यावरूनच. पुढे स्वतःच्या 1668 च्या निबंधाची 1684 ची आवृत्ती काढताना त्याने 'द एज आय लिव्ह इन' खोडून 'द एज इन विच आय लिव्ह' केलं. मला पहिलंच वाक्य जिवंत वाटतं. शिवाय ज्या ओळीवर त्याने बोट ठेवलं, तिथे 'फ्रॉम' नुसतं उचलून पुढे नेता येत नाही, कारण 'फ्रॉम दॅट' चालत नाही. 'दॅट' काढून 'विच' घालावं लागतं, म्हणजे सर्वनामच बदलावं लागतं. दोष प्रिपोझिशनच्या जागेचा म्हणावा तरी कसा?

1762 च्या एका गाजलेल्या व्याकरणात सूर बराच मऊ आहे: बोलण्यात ही रचना सर्रास चालते, गंभीर लेखनात मात्र प्रिपोझिशन आधी आलेलं शोभतं. हे सांगणारं वाक्यच 'विच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइंड टू' असं होतं. 1795 च्या शालेय व्याकरणाने ते वाक्य उचललं आणि 'टू विच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइंड' असं सरळ करून छापलं. पसंतीचा नियम होताना इथे डोळ्यांदेखत दिसतो.

1926 मध्ये शब्द कसे वापरावेत हे सांगणाऱ्या एका कोशाने या नियमाला अंधश्रद्धा म्हटलं. आपल्या वर्गांत तो टिकला, त्यात 'शब्दयोगी अव्यय' या नावाचाही हात असावा. मराठीत 'ज्या माणसाबद्दल बोललो' मधलं 'बद्दल' नामाला चिकटूनच येतं. त्याला सोडवून वाक्याच्या टोकाला कोणी ठेवत नाही. प्रिपोझिशनलाही वर्गात हेच नाव मिळतं, आणि 'द मॅन आय स्पोक अबाउट' मधलं एकटं 'अबाउट' मुलांना चुकल्यासारखं वाटतं.