शिट्टी न होणारा कुकर

गडहिंग्लज तालुक्यात माझ्या ओळखीचं एक घर आहे. तिथं कुकरची शिट्टी होत नाही. वाफ धरून शिट्टी थरथरायला लागली की वहिनी धावत जाऊन गॅस बंद करतात. त्यांचे मालक 17 वर्षं फौजेत होते. पेन्शनवर आल्यावर एकदा दुपारच्या झोपेत शिट्टी झाली आणि ते कॉटखाली शिरले. धाकटी पोर ते बघून रडली. तेव्हापासून शिट्टी बंद, फटाके बंद, वरातीला जाणं बंद. बाहेर एवढंच सांगायचं, "मिलिट्रीतनं आल्यापासनं तापट झालेत."

शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी. अशा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे तापटपण नेमकं काय असतं, हे घराघरात माहीत असायला हवं.

मेंदूत खोलवर, बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग असतो. धोक्याची चाहूल लागताच तो, आपण विचार करायच्या आत, छातीची धडधड वाढवतो. सीमेवर हीच घाई जीव वाचवते. आवाज कुठला, आपण आत्ता कुठं आहोत, हे ओळखायला मेंदूतलाच हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मदत करतो आणि कपाळामागचा भाग अमिग्डालाला शांत करतो. मोठ्या आघातानंतर काहींच्या मेंदूत ही सांगड विस्कटते. दचकणं, वाईट स्वप्नं, आठवण टाळत राहणं हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर त्याला पीटीएसडी (पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर), म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार, म्हणतात. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी सैनिकांच्या अशा अवस्थेवर 'शेल शॉक' नावानं लिहिलं. पीटीएसडी हे नाव वैद्यकाच्या यादीत आलं 1980 मध्ये. प्रत्येक फौजीला हा त्रास होत नाही, आणि ज्याला होतो तो भित्रा नसतो.

वहिनी गॅस बंद करतात ते मायेपोटी. पण शिट्टी टळली की मेंदू समजतो, टळली म्हणून वाचलो. शिट्टी झाली तरी काही होत नाही, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. फौजी कँटीनच्या दारूच्या बाटलीचंही तसंच: डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. आणि नवऱ्याच्या झोपेवर कान ठेवून वहिनी स्वतः रात्रभर पहाऱ्यावर असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

उपचारात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, भीतीच्या गोष्टीकडे पायरीपायरीनं जातात. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी आठवण तयार होते. म्हणून ताणाच्या दिवसांत त्रास परत डोकावला तरी उपचार वाया गेले असं नसतं. मात्र 'सवय होईल' म्हणून अचानक कानाशी फटाका वाजवणं हा उपचार नव्हे, तो छळ आहे.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही लावावा. फौजेतल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 ला त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ बायकोला आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या मुलांनाही मिळतो.

त्या घरात आता मोबाइलवर शिट्टी रेकॉर्ड केली आहे. दिवसाउजेडी, सोप्यात बसून, मालक स्वतःच्या हातानं ती लावतात. आधी अगदी बारीक. परवा आवाज निम्म्यावर आला होता. डाळ मात्र अजून शिट्टीविनाच शिजते.